आर्म६४ वर केव्हीएम: गेस्टला जुने बाइट दिसत असतील तर

होस्ट (खरं यंत्र) आणि गेस्ट (त्यावरचं आभासी यंत्र) क्यूएमूच्या (आभासी यंत्र चालवणारा प्रोग्राम) आयव्हीशमेममधून (दोघांत वाटलेल्या मेमरीचं आभासी उपकरण) एकच मेमरी वापरतायत, आणि गेस्टला अधूनमधून जुने बाइट दिसतात. एक्स८६ वर हाच कोड बिनतक्रार चालतो. आर्म६४ वर टीसीजी इम्युलेशनमध्येही (क्यूएमू प्रोसेसरची नक्कल सॉफ्टवेअरनं करतो) चालतो, केव्हीएम (गेस्ट थेट खऱ्या प्रोसेसरवर चालवणारी लिनक्सची सोय) लावलं की बिघडतो. अशा वेळी मी आधी एवढंच विचारतो: गेस्टमध्ये मॅपिंग कशानं केलंय? बहुतेकदा उत्तर येतं, आयओरीमॅप_डब्ल्यूसी, म्हणजे उपकरणाची मेमरी कॅशशिवाय मॅप करणारं कर्नलचं फंक्शन.

गोम तिथेच आहे. होस्टसाठी ती साधी राइट-बॅक कॅशेबल मेमरी (लेखन आधी कॅशमध्ये, रॅममध्ये नंतर). गेस्टला ती पीसीआय बार (उपकरणाच्या मेमरीची खिडकी) म्हणून दिसते आणि तो ती नॉन-कॅशेबल मॅप करतो. आर्मवर स्टेज १ (गेस्टचं स्वतःचं मॅपिंग) आणि स्टेज २ (त्यावर केव्हीएमचं मॅपिंग) चे गुणधर्म एकत्र होतात तेव्हा जो जास्त कडक, तो लागू होतो. मग होस्टचं लेखन कॅशमध्ये पडून राहतं आणि गेस्ट थेट रॅम वाचतो. टीसीजी कॅशची नक्कलच करत नाही, म्हणून तिथे दोष दिसत नाही.

गेस्टच्या ड्रायव्हरमध्ये डेटाच्या बारसाठी मेमरीमॅप (memremap) हे फंक्शन वापरा, मेमरीमॅप_डब्ल्यूबी हा फ्लॅग देऊन. रजिस्टरांचा बार आयओरीमॅपवरच राहू द्या. दोन्ही बाजू राइट-बॅक झाल्या की सुसंगती हार्डवेअर सांभाळतं. जागोजागी फ्लश (कॅशमधलं रॅममध्ये ढकलण्याच्या सूचना) पेरू नका, कृपा करून. त्यानं दोष दबतो, जात नाही.

डीमेसगमध्ये (कर्नलच्या नोंदींत) ‘स्टेज-२ फोर्स राइट-बॅक’ दिसलं, तर गेस्टनं काहीही मागितलं तरी केव्हीएम ही मेमरी राइट-बॅकच ठेवतं. ही सोय आर्मव्ही८.४ पासूनची. त्यामुळे नव्या सर्व्हरवर पास झालेल्या चाचणीवर मी विसंबत नाही. रास्पबेरी पाय ४ वर पुन्हा चालवतो. त्याचा कॉर्टेक्स-ए७२ आर्मव्ही८.० चा आहे.

गेस्ट बदलणं हातात नसेल तरच होस्टवर कॅशची कामं करा: लिहिल्यावर डीसी सीव्हीएसी (लाइन रॅममध्ये लिहिते), वाचण्याआधी डीसी सीआयव्हीएसी (लिहून कॅशमधून काढूनही टाकते), आणि नंतर डीएसबी (हे पूर्ण होईपर्यंत थांबवते). कॅशलाइनचा (कॅश एका वेळी हलवते त्या तुकड्याचा) आकार सीटीआर_ईएल० या रजिस्टरमधून वाचा, ६४ बाइट गृहीत धरू नका. होस्ट लिहितो ती आणि गेस्ट लिहितो ती फील्ड एकाच कॅशलाइनमध्ये येता कामा नयेत, नाहीतर होस्टची डर्टी लाइन (बदललेली, पण रॅममध्ये न पोचलेली) परत लिहिली जाताना गेस्टचा ताजा डेटा पुसते.

क्रमाचा प्रश्न (कुठलं लेखन समोरच्याला आधी दिसतं) याहून वेगळा, आणि मॅपिंग बरोबर असलं तरी तो उरतोच. डिस्क्रिप्टर (डेटा कुठे आहे त्याची नोंद) भरा, मग व्हर्ट_डब्ल्यूएमबी (आधीची लेखनं नंतरच्यांच्या आधी दिसतील याची हमी देणारा बॅरियर), मग इंडेक्स (नवी नोंद आली हे सांगणारा आकडा) वाढवा. एसएमपी_डब्ल्यूएमबी नको: एसएमपीशिवाय (अनेक कोअरांच्या आधाराशिवाय) बांधलेल्या कर्नलमध्ये तो नुसता कंपायलर बॅरियर उरतो, प्रोसेसरला अडवत नाही, होस्टला मात्र अनेक कोअर असतात.