मिररलेससाठी लेन्स आणि ॲडॅप्टर घेताना या चुका टाळा

ऑगस्ट सरत आला आणि कास पठारावर फुले दिसू लागल्याची बातमी लागली, की साताऱ्यातल्या ओळखीपाळखीतून एकाच धर्तीचे प्रश्न येऊ लागतात. विचारणाऱ्याने हलकी मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्याची बॉडी, बहुधा वापरलेली, आधीच घेतलेली असते. घरात वडिलांची किंवा काकांची फिल्मच्या काळातली एखादी लेन्स कपाटात पडून असते, आणि या दोहोंना जोडणारे एक धातूचे कडे, म्हणजे ॲडॅप्टर, मोबाइलवर अगदी स्वस्तात दिसलेले असते. प्रश्न केवळ विचारायचा म्हणून विचारलेला असतो, कारण ऑर्डर तोवर देऊन झालेली असते. निदान ज्यांची ऑर्डर अजून गेलेली नाही, त्यांनी पुढचे वाचावे.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. ॲडॅप्टर ही आपल्याजवळ आधीपासून असलेल्या चांगल्या लेन्सची सोय आहे. ॲडॅप्टर मिळतो म्हणून जुन्या लेन्सा विकत घेत सुटणे हा उलटा व्यवहार आहे. कोणते चित्र काढायचे आहे ते आधी ठरवावे, त्यासाठी लेन्स ठरवावी, आणि ती लेन्स आपल्या बॉडीच्या माउंटची (लेन्स जिथे अडकते त्या जोडणीची) मिळतच नसेल किंवा खिशाला झेपतच नसेल, तर मग कड्याचा विचार करावा.

कड्याची जाडी गृहीत धरणे

प्रत्येक माउंटचे एक ठरलेले अंतर असते: लेन्स जिथे टेकते त्या कड्यापासून सेन्सरपर्यंतचे. निकॉनच्या जुन्या एफ माउंटचे हे अंतर ४६.५ मिमी आहे, कॅनन ईएफचे ४४, आणि आट्यांच्या एम४२ लेन्सांचे ४५.४६. मिररलेसमध्ये मधला आरसा गेला, त्यामुळे हे अंतर एकदम घटले. सोनी ई माउंटला ते १८ मिमी, फुजी एक्सला १७.७, कॅनन आरएफला २० आणि निकॉन झेडला १६ आहे. ॲडॅप्टर म्हणजे या दोन अंतरांमधली मोकळी जागा भरून काढणारे कडे, यापलीकडे त्यात जादू नाही. निकॉन एफची लेन्स सोनीवर लावायची तर कडे ४६.५ वजा १८, म्हणजे २८.५ मिमी जाडीचे हवे. कॅनन ईएफसाठी तेच २६ मिमी होईल. मिररलेसची लेन्स आरशाच्या जुन्या डीएसएलआरवर का बसवता येत नाही, याचे उत्तरही याच वजाबाकीत आहे. तिथे भरून काढायला जागाच उरत नाही. कॅननच्या ईएफ-एम लेन्सा आरएफ बॉडीवर लावण्याचा बेतही याच कारणाने सोडून द्यावा, कारण त्यांचे अंतर १८ मिमी आहे.

ओळखीतल्या एका मुलाने सोनी ए६००० घेतला. हे मॉडेल २०१४ सालचे आहे, बॅटरीसह ३४४ ग्रॅम वजनाचे, आणि शिकण्यासाठी आजही पुरेसे आहे. वडिलांची निकॉनची ५० मिमी, ॲपर्चरची (उजेड आत सोडणाऱ्या छिद्राची) रिंग असलेली जुनी लेन्स घरात होती. त्याने सर्वांत स्वस्त दिसलेले कडे मागवले आणि तो थेट कासला गेला. तिथली दवबिंदू आणि सीतेची आसवे ही इवली फुलझाडे त्याने कुंपणाच्या अलीकडून सुरेख टिपली. परत येताना मात्र यवतेश्वरच्या घाटातून अजिंक्यतारा आणि खालचे शहर घेतले, तर एकही छायाचित्र टोकदार येईना. फोकसची रिंग इन्फिनिटीच्या, म्हणजे अनंत अंतराच्या खुणेवर पूर्ण टेकलेली होती. एफ २ वर (एफचा आकडा जितका लहान, तितके ॲपर्चर मोठे) किल्ला लोण्यासारखा मऊ दिसे, एफ ८ वर जरा बरा वाटे, आणि एफ १६ वर बराचसा सुधारे. यावरून त्याने लेन्स जुनी झाल्याचा निष्कर्ष काढला आणि मला फोन केला: "काका, बाबांची लेन्स बाद निघाली हो. नवीन कुठली घेऊ?"

लेन्समध्ये काहीच दोष नव्हता. जवळचे टोकदार आणि लांबचे मऊ, आणि ॲपर्चर बंद करत नेले की लांबचे सुधारत जाते, हे कडे जाड असल्याचे लक्षण आहे. लेन्स सेन्सरपासून हवी त्याहून पुढे राहते, त्यामुळे तिचा फोकस अनंतापर्यंत पोचण्याआधीच संपतो. लहान ॲपर्चरने नेटकेपणाचा पट्टा रुंदावतो आणि तो दोष झाकला जातो, इतकेच.

त्याचे मामा एमआयडीसीत लेथवर काम करतात. त्यांच्याकडे व्हर्निअर होताच. कड्याचे माप बाहेरच्या ओठापासून घ्यायचे नाही, बॉडीला टेकणाऱ्या पृष्ठापासून लेन्सला टेकणाऱ्या पृष्ठापर्यंत घ्यायचे, आणि तेही गोलावर तीन ठिकाणी घ्यायचे, असे मी सांगितले. तिन्ही ठिकाणी माप २८.८ आले. ०.३ मिमीचा फरक ऐकायला नगण्य वाटतो, पण हिशोब करून पाहावा. फोकल लांबीचा (लेन्सच्या ५० मिमी या आकड्याचा) वर्ग भागिले जादा जाडी केली, की साधारण किती अंतरापर्यंत फोकस जाईल ते कळते. २५०० भागिले ०.३ म्हणजे सुमारे ८३०० मिमी. ही ५० मिमीची लेन्स सव्वाआठ मीटरच्या पुढे पाहूच शकत नव्हती. २८ मिमीची लेन्स असती तर तिची मजल पावणेतीन मीटरच्याही आत संपली असती, आणि १३५ मिमीची असती तर साठ मीटरपर्यंत पोचल्यामुळे कदाचित दोष लक्षातच आला नसता. कड्यातली चूक कमी फोकल लांबीच्या वाइड लेन्सला सर्वांत जास्त भोवते, हे ध्यानात ठेवावे.

मामा म्हणाले, "पॉइंट तीन जादा आहे. फेसिंग मारून देऊ का? पाच मिनिटांचं काम आहे." त्यांच्या हातावर माझा पूर्ण विश्वास असूनही मी नको म्हटले. या कड्याचे दोन-तीन भाग स्क्रूने जोडलेले असतात, आतून लॉकची पिन जाते, आणि उतरवून पुन्हा बसवताना दोन्ही पृष्ठे समांतर राहिली नाहीत, तर चौकटीची एक बाजू टोकदार आणि दुसरी मऊ येऊ लागते, जे मूळ दोषाहून वाईट आहे. सॅंडपेपर घासण्याच्या चित्रफिती ज्यांना आवडतात त्यांनी त्या पाहाव्यात, करू नयेत. कडे परत पाठवले, थोडे महाग घेतले, आणि अजिंक्यताऱ्याचा तट दिसू लागला.

नवे कडे हाती आले की मी पहिल्याच दिवशी जवळची सर्वांत वाइड लेन्स लावतो, ॲपर्चर पूर्ण उघडतो आणि गच्चीवरून लांबचा मोबाइल टॉवर स्क्रीनवर मोठा करून पाहतो. फोकस टॉवरवर पोचून किंचित पुढे गेला तर चालते. बरेच बनवणारे कडे मुद्दामच केसभर पातळ ठेवतात. अंतराची खूण मग खरी राहत नाही, पण खुणेवर विसंबायचे कारणही नाही. टॉवरपर्यंत पोचलाच नाही, तर परत पाठवण्याची मुदत संपण्याआधी खोक्यात घालावे. त्याच वेळी कड्याच्या आतून खिडकीच्या उजेडाकडे पाहावे. आत चकचकीत धातू दिसला तर उन्हाच्या दिशेने काढलेल्या छायाचित्रांवर पांढुरकी छटा चढणार, हे निश्चित समजावे.

हलक्या बॉडीला जड लेन्स टांगणे

सांगलीतल्या एका सरांनी खांदा दुखतो म्हणून डीएसएलआर विकला, सोनीची तशीच हलकी मिररलेस बॉडी घेतली आणि आपली ७०-२०० एफ २.८ मात्र ठेवली, कारण "तिच्यासारखी लेन्स नाही." लेन्स उत्तम आहे, यात वाद नाही, पण कॅननच्या त्या लेन्सच्या दुसऱ्या आवृत्तीचे वजन १४९० ग्रॅम आहे. पाऊण किलोची बॉडी जाऊन साडेतीनशे ग्रॅमची आली, म्हणजे चारशे ग्रॅम वाचले, त्यांतले शंभर-सव्वाशे ॲडॅप्टरने परत घेतले आणि धरायची मूठ तेवढी लहान झाली. खांद्याला काय फरक पडणार?

पुढचा घोटाळा याहून महागाचा होता. सर कॅमेरा बॉडीच्याच पट्ट्याने गळ्यात अडकवून कृष्णेच्या घाटावर बगळ्यांसाठी तासन् तास फिरत. काही महिन्यांनी स्क्रीनवर ॲपर्चरच्या आकड्याऐवजी अधूनमधून नुसत्या रेघा येऊ लागल्या. त्यांनी बॅटरी बदलली, सोनेरी संपर्कबिंदू खोडरबराने घासले, मेन्यू मूळ स्थितीत आणला. मी कॅमेरा हातात घेऊन लेन्स हलकेच वरखाली केली, तर ॲडॅप्टरच्या पुढच्या कड्यात स्पष्ट खेळ जाणवला. दीड किलोची लेन्स त्या चार बारीक स्क्रूंवर लोंबत राहिल्याने ते सैल झाले होते आणि संपर्क तुटत होता. स्क्रू आवळून काम भागले. हाच ताण बॉडीच्या माउंटवर आला असता, तर दुरुस्तीचे बिल वेगळेच आले असते.

जड लेन्सला पाय दिलेला असतो. पट्टा त्या पायाला बांधावा, ट्रायपॉडवर तोच पाय बसवावा, आणि चालताना हात लेन्सखाली असावा. मात्र खरा उपाय सरांना पचायला वर्ष लागले. नव्या बॉडीच्याच माउंटची ५५-२१० ही साधी लेन्स ३४५ ग्रॅमची आहे. तिचा उजेड कमी आहे, तिला मान नाही, पण ती पिशवीत असते. ७०-२०० बहुतेक वेळा कपाटात असते.

५० मिमीचा मोह

"पहिली लेन्स ५० मिमी" हा सल्ला फुल फ्रेमच्या, म्हणजे फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरच्या काळातला आहे. त्याहून लहान एपीएस-सी सेन्सरवर तिचा दृश्यकोन अरुंद होऊन ७५ मिमीसारखा होतो, कॅननच्या एपीएस-सीवर ८० आणि आणखी लहान मायक्रो फोर थर्ड्सवर १००. मिरजेत तंतुवाद्यांच्या कारखान्यात ती घेऊन जावे म्हणजे समजते: पाठ भिंतीला टेकलेली असते, सतारीचा भोपळा चौकटीत घेतला तर कारागिराचे डोके कापले जाते, आणि डोके घेतले तर भोपळा जातो. एपीएस-सीवर ३५ किंवा त्याहून थोडी वाइड लेन्स घ्यावी. तोवर बॉडीबरोबर आलेल्या १६-५० झूमला नावे ठेवू नयेत. ११६ ग्रॅमच्या त्या लेन्सने काय जमत नाही, हे सांगता येईपर्यंत दुसरी घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नवशिक्यांना ते कधीच आवडत नाही.

ॲपर्चर कोण हलवणार, हे न विचारणे

कॅनन ईएफ लेन्सचे ॲपर्चर विजेवर चालते. संपर्कबिंदू नसलेल्या साध्या कड्यावर ती कायम पूर्ण उघडी राहते. निकॉनच्या जी प्रकारच्या लेन्सांना रिंग नसते. साध्या कड्यावर त्या उलट पूर्ण बंद राहतात आणि स्क्रीन काळोखी दिसते. त्यांच्यासाठी स्वतःची रिंग असलेले कडे घ्यावे लागते, आणि त्या रिंगवर आकडे नसतात. निकॉनच्याच झेड बॉडीवर एफटीझेड ॲडॅप्टर वापरणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की एएफ-एस लेन्सचा ऑटोफोकस चालतो, पण जुन्या एएफ-डी लेन्सचा चालत नाही, कारण त्यांना हलवणारी मोटर बॉडीत असावी लागते आणि ॲडॅप्टरमध्ये ती नाही. "निकॉनवर निकॉन आहे, चालणारच" म्हणून घेतलेल्या अशा लेन्सा आठवड्यात विकायला निघालेल्या मी पाहिल्या आहेत.

हेलिओस ४४-२ या रशियन लेन्सची तर सध्या लाटच आहे. पार्श्वभूमी गरगरते म्हणून मुले ती घेतात आणि ॲपर्चर अडकले म्हणून तक्रार करतात. तिला दोन रिंगा आहेत. एक मर्यादा ठरवते, दुसरी त्या मर्यादेपर्यंत उघडते-मिटते. दोन्ही फिरवून पाहाव्यात.

किरकोळ, पण रोजच्या

जुनी लेन्स लावल्यावर बटण दाबूनही काहीच होत नसेल, तर कॅमेरा बिघडलेला नाही. सोनीच्या मेन्यूत 'रिलीज विदाउट लेन्स' चालू करावे.

बॉडीत हाताचा कंप सावरणारे स्थिरीकरण असेल तर जुन्या लेन्सची फोकल लांबी हाताने भरावी. आधीची २०० तशीच राहिली आणि पुढे ५० लावली, तर स्थिरीकरणच चित्र हलवते.

कॅमेरा स्क्रीनवर दाखवतो त्या फोकसच्या रंगीत कडा दिसल्या म्हणजे फोकस झाला असे नाही. दृश्य मोठे करून पाहण्याचा कंटाळा असेल, तर ऑटोफोकसची लेन्स घ्यावी.

सेन्सरकडे खूप आत शिरणाऱ्या मागच्या भिंगाच्या लेन्सा, उदाहरणार्थ ज्युपिटर-१२, आपल्या बॉडीत कुठे टेकत नाहीत ना, याची खात्री झाल्याशिवाय पूर्ण फिरवून बसवू नयेत.

पालीच्या खंडोबाच्या यात्रेत भंडारा उधळत असताना लेन्स बदलू नये. मिररलेसचा सेन्सर बहुतेक बॉडींत उघडाच असतो, आणि हळदीचा बारीक कण फुंकरीने निघत नाही. मी प्रत्येक जुन्या लेन्सला तिचे स्वतंत्र कडे कायमचे लावून ठेवतो, म्हणजे बदलाबदली एकदाच होते, सैलपणाही कमी येतो, आणि मागे बॉडीच्याच माउंटचे झाकण बसते.

वापरलेली लेन्स घेताना मोबाइलचा टॉर्च मागून धरावा आणि ॲपर्चर पूर्ण उघडून तिरके पाहावे. जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी आहे. किंमत कितीही कमी असो, घेऊ नये. घरच्या लेन्सा पावसाळ्यात चामड्याच्या डबीत ठेवू नयेत, कारण चामडे ओल धरते. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवावा, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील असे पाहावे, आणि जेलचा रंग बदलला की ते तापवून कोरडे करून पुन्हा आत टाकावे.