पटकथा घेऊन जाणत्या माणसापुढे बसताना

पहिला मसुदा शेवटपर्यंत लिहून होत नाही तोवर कुणाकडे जाऊ नका. मी गेलो होतो. मध्यंतरापर्यंतची पानं घेऊन, ‘पुढचं तोंडी सांगतो’ म्हणत. समोरच्या गृहस्थांनी चहा पाजला, कौतुक केलं आणि शेवट स्वतःच सांगून टाकला. तो डोक्यात असा बसला की माझा शेवट काय होता, हे आठवायला चार महिने गेले.

मसुदा झाला की आधी मोठ्यानं वाचा, मोबाइलचं स्टॉपवॉच लावून. ‘एक पान म्हणजे एक मिनिट’ हा हिशेब बारा पॉइंटच्या कुरियर टाइपातल्या इंग्रजी पटकथेचा. देवनागरीत फॉन्ट बदलला की तो कोलमडतो. घड्याळ तीन तास दाखवत असेल तर कापाकापी घरीच करून घ्या, त्यासाठी दुसऱ्याचा वेळ कशाला?

आता माणूस. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत नाटक उभं केलं, तेव्हापासून इथं गल्लीत एक तरी नाटकवाला सापडतोच. पण नाटकवाला कानानं वाचतो. वाक्य कुठं अडखळतं ते त्याला चटकन कळतं, वाक्यच नको असेल तर ते कळेलच असं नाही. म्हणून ज्याचं लिहिलेलं काही पडद्यावर आलंय असा माणूस बघा, लघुपट असला तरी चालेल. त्याला आधी पाचच पानं द्या. ‘छान जमलंय’ म्हणाला तर नमस्कार करून पुढं चला. प्रश्न घेऊन परत आला तर बसा. आणि ‘निर्मात्याशी गाठ घालून देतो’ ही भाषा सुरू झाली तर उठा, तो धंदा वेगळा.

पैशांचं आणि नावाचं पहिल्याच दिवशी बोला. पडद्यावर कथा, पटकथा, संवाद ही वेगवेगळी श्रेयं असतात. मार्गदर्शकानं सूचना दिल्या तर प्रश्न नाही, पण त्यानं दोन सीन लिहून दिले तर काय? हे व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून ठेवा. ओळखीच्या माणसापाशी हे बोलायला जीभ रेटत नाही, पण नंतर तर ती अजिबातच रेटणार नाही. कॉपीराइट कल्पनेला मिळत नाही, लिहिलेल्या मांडणीला मिळतो. त्यामुळे मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सदस्यत्व घेऊन पटकथेची ऑनलाइन नोंदणी करा आणि मगच पीडीएफ पाठवा. फाइलच्या नावात तारीख हवीच, नाहीतर तिसऱ्या भेटीत दोघांच्या हातात दोन वेगळे मसुदे असतात.

पीडीएफबरोबर तीन प्रश्न पाठवा. ‘कशी वाटली?’ हा प्रश्न नव्हे. ‘मुलगा घर सोडतो ते पटतं का?’, ‘कुठल्या पानावर मोबाइल हातात घ्यावासा वाटला?’ असं काहीतरी विचारा.

भेटीत पहिली दहा मिनिटं तुम्ही बोलूच नका. तुमची गोष्ट त्यांनाच सांगायला लावा. ते जे विसरतील, जे उलटसुलट सांगतील, तिथं वहीत खूण करा. ‘नाही सर, मला असं म्हणायचं होतं...’ हे वाक्य ओठावर येईल, ते गिळा. जे म्हणायचं होतं ते कागदावर आलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

माझ्या पटकथेतला बाप हळदीचा व्यापारी, त्याचं पेव सांगलीजवळच्या हरिपूरला. पेव म्हणजे जमिनीखालचं कोठार. तोंड अरुंद, आत पोटासारखं फुगलेलं. हळद भरून तोंड लिंपून टाकतात. उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नाही, कारण कोंडलेल्या हवेनं जीव जाऊ शकतो. आधी दिवा सोडून बघायचा, विझला तर उतरायचं नाही. माझ्या सीनमध्ये बाप पेवाच्या तोंडाशी बसून मुलाला सांगत होता, “तुझ्या शिक्षणाचं कर्ज अजून फिटलेलं नाही. यंदा भाव आला नाही तर वाडा विकावा लागेल.” असं दीड पान.

सरांनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी विचारलं, “वाडा विकावा लागेल हे पोराला माहीत नाही?”

“आहे की.”

“मग बाप सांगतोय कुणाला?”

प्रेक्षकाला सांगत होता, दुसऱ्या कुणाला? मी गप्प बसलो. त्यांनी पान उलटलं आणि म्हणाले, “आणि दिवा कुठाय?”

काय लिही ते त्यांनी सांगितलं नाही. घरी येऊन मी लिहिलं ते असं: बाप दोरीनं कंदील खाली सोडतो. उजेड लहान होत जातो, तांबडा होतो, विझतो. मुलगा म्हणतो, “वर घ्या की आता.” बाप दोर तसाच धरून बसलेला. “घेतो. घाई काय?” झालं, अर्ध्या पानात. कर्जाचा विषय निघतो तो दोन सीननंतर अडत्याच्या दुकानात, तोही अडत्याच्या तोंडून, सौदा चालू असताना.

मागच्या एका वाचकानं याच सीनवर ‘बाप फार बोलतो’ असा शेरा मारला होता. मी चार वाक्यं कापली होती, सीन तसाच मेलेला राहिला. तेव्हा शेरा ऐकून लगेच कात्री चालवू नका. वाचकाला टोचलं कुठं ते खरं असतं, काटा बहुतेक वेळा दोन पानं मागं असतो. तो शोधणं तुमचं काम.

म्हणून भेटीनंतर दोन दिवस फाइल उघडूच नका. मग सूचना वाचा: पटलेल्या, न पटलेल्या, आणि राग आलेल्या. राग आलेल्यांवर जास्त वेळ घालवा, माझ्या बाबतीत तरी खरं दुखणं तिथंच निघालं. न पटलेली सूचना सोडायला हरकत नाही, फक्त पुढच्या भेटीत का सोडली ते एका ओळीत सांगता यायला हवं. एका फेरीत एकच गोष्ट हातात घ्या. बाप दुरुस्त करताना गाणंही बदललं तर कशानं फरक पडला ते कुणालाच कळत नाही. दोन भेटींत दोन-तीन आठवडे तरी जाऊ द्या.

सूचना गोष्टीवरून शब्दांवर आल्या, ‘इथं “परंतु” नको, “पण” कर’ असं सुरू झालं, की फेऱ्या थांबवा आणि राहिलेले पैसे चुकते करा. मग राज्य नाट्य स्पर्धेला उतरणारी चार हौशी मंडळी घरी बोलवा, भडंग आणि चहा ठेवा, पटकथा त्यांच्याकडून वाचून घ्या. तुम्ही एकही पात्र वाचू नका. कोपऱ्यात बसा आणि भडंगाच्या ताटलीकडे त्यांचा हात कधी जातो, त्या पानाचा नंबर लिहून ठेवा.