जुन्या गाडीचं पॉवर स्टिअरिंग ऑइल: गळती शोधा, मगच बदला

पॉवर स्टिअरिंगचं ऑइल इंजिन ऑइलसारखं जळून कमी होत नाही. पंप, पाइप, रॅक (पुढची चाकं वळवणारा भाग) आणि परत डबी, एवढ्यातच ते फिरत असतं. त्यामुळे डबीतली पातळी उतरली, की कुठून तरी गळतंय असं धरूनच चालायचं. दर महिन्याला थोडं थोडं ओतत राहिलं तर बिघाड फक्त लांबतो.

हे सगळं पॉवर स्टिअरिंगवाल्या जुन्या बोलेरो, सुमो, क्वालिस अशा हायड्रॉलिक गाड्यांसाठी आहे. अल्टो, वॅगनआर, स्विफ्टमध्ये स्टिअरिंगला विजेची मोटर असते. तिथे ऑइलची डबी शोधत बसू नका.

पातळी सकाळी, गाडी थंड असताना आणि सपाट जागेवर बघा. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. दुपारी बॉनेट उघडलं तर फुगलेल्या ऑइलची पातळी जास्त दिसते आणि माणूस फसतो. झाकणाला पट्टी असेल तर तिच्यावर थंड-गरम अशा दोन खुणा असतात, त्यातली थंडची धरा. झाकण उघडण्याआधी भोवतालची धूळ ओल्या फडक्याने पुसून घ्या. घरात कापूस कितीही पडलेला असो, डबी पुसायला कापूस किंवा सुताचा चोथा वापरू नका. त्याचे तंतू डबीच्या तळच्या जाळीत अडकतात आणि पंपाला ऑइल कमी पडतं.

एक थेंब पांढऱ्या कागदावर टाका. लाल किंवा गुलाबी असेल तर ठीक. तपकिरी-काळं आणि जळका वास असेल तर बदलायला झालं. फेसाळ दिसलं तर आत हवा शिरलीय.

कोणतं ऑइल लागतं ते झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. बऱ्याच जुन्या गाड्यांना लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल), म्हणजे डेक्सरॉन २ किंवा ३ चालतं. होंडाचं वेगळं असतं, काही युरोपियन गाड्यांना हिरवं लागतं. ही एकमेकांत मिसळू नका. ब्रेक ऑइल तर चुकूनही नको. त्याने रबरी सील फुगतात, मऊ पडतात आणि थोड्याच दिवसांत पंप आणि रॅक दोन्ही गळायला लागतात.

आता गळती. पुठ्ठा रात्रभर गाडीखाली ठेवा आणि सकाळी डाग कुठे पडलाय ते बघा. पट्ट्याच्या बाजूला पंपाखाली डाग असेल तर पंपाच्या शाफ्टचं सील गेलंय. पाइपाच्या तोंडाशी ओलं असेल तर बहुतेकदा क्लिप सैल असते, ती बदलून काम भागतं. रॅकच्या दोन्ही टोकांच्या रबरी बूटवर चिकट काळी माती जमलेली असते. ती धुवून बूट दाबून पाहा. आत ऑइल खळखळलं तर रॅकचं सील गेलं, आणि ते काम मिस्त्रीचंच. पावसाळ्यात पांदण रस्त्याने जाणाऱ्या गाडीचे बूट लवकर फाटतात, मग चिखल थेट रॅकच्या दांड्यावर बसतो आणि सील खातो. गळती थांबवणारं बाटलीतलं औषध फार तर मिस्त्रीपर्यंत पोहोचण्यापुरतं.

बदलायला साधारण दोन लिटर ऑइल, पन्नास मिलीची सिरिंज (जनावरांच्या औषधांच्या दुकानात मिळते), सलाईनची नळी आणि रिकामी बाटली घ्या. मागची चाकं दगड लावून अडवा, हँडब्रेक ओढा. पुढची दोन्ही चाकं जॅकने उचलून स्टँडवर टेकवा. वावरातल्या मातीत जॅक धसतो, त्याखाली जाड फळी हवीच.

सिरिंजने डबीतलं जुनं ऑइल ओढून काढा. डबीकडे परत येणारा पाइप क्लिपवाला, कमी दाबाचा असतो. तो सोडून बाटलीत घाला आणि डबीचं ते तोंड बुचाने बंद करा. डबीत नवीन ऑइल भरा. किल्ली फिरवून स्टिअरिंगचं लॉक सोडा, पण इंजिन चालू करू नका, कारण ऑइलशिवाय फिरलेला पंप लगेच घासतो. एकाने स्टिअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, दुसऱ्याने डबीवर नजर ठेवून ओतत राहायचं. डबी रिकामी होऊ द्यायची नाही. पाइपातून स्वच्छ लाल ऑइल आलं की पाइप परत जोडा.

पुढे हवा काढणं. इंजिन बंदच ठेवून आणखी पंधरा-वीस वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा आणि पातळी भरून घ्या. मग इंजिन चालू करून तसंच सावकाश फिरवा. टोकाला पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका. तिथे दाब सोडणारा व्हॉल्व्ह उघडतो, ऑइल पंपातच घुमत राहतं आणि झपाट्याने तापतं. चिखलात फसलेली गाडी काढताना स्टिअरिंग टोकाला दाबून एक्सलेटर देणारे पंप असाच बाद करतात. इंजिन बंद करताच पातळी झटकन वर आली तर अजून हवा आहे. अर्धा तास थांबून पुन्हा फिरवा.

गाडीच्या पुस्तकात वेगळं लिहिलं नसेल तर ४०-५० हजार किलोमीटरला बदली पुरते. पातळी बरोबर असूनही स्टिअरिंग जड वाटत असेल तर आधी पुढच्या टायरची हवा आणि पट्ट्याचा ताण बघा. वळवताना किंचाळल्यासारखा आवाज पट्ट्याचा, घूं घूं असा आवाज पंपाचा. जुनं ऑइल धुऱ्यावर किंवा नाल्यात ओतू नका, कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे द्या.