परक्या मुलखातून आलेल्यांनी वसवलेल्या गावाचा इतिहास कसा शोधायचा

अशा गावाचा इतिहास शोधायला बसलं की बहुतेक जण आधी संस्थापक कोण ते बघतात, मी म्हणेन आधी पाणी बघा. उदाहरण म्हणून अर्जेंटिनातल्या पॅटागोनियामधलं गायमान घ्या, चुबुत नदीच्या खोऱ्यातलं वेल्श लोकांचं, म्हणजे ब्रिटनमधल्या वेल्सहून आलेल्यांचं गाव.

पहिलं काम, जहाजाची यादी मिळवा. मिमोसा नावाचं जहाज लिव्हरपूलहून निघून २८ जुलै १८६५ ला आजच्या पुएर्तो माद्रिनला लागलं, साधारण दीडशे माणसं होती. यादीत नावांपेक्षा धंदे नीट वाचा, कारण बरेचसे खाणकामगार वगैरे होते, शेतकरी फार थोडे. आपली भाषा आणि चॅपल, म्हणजे आपलं ख्रिस्ती प्रार्थनाघर, टिकवायला आले होते आणि पुढ्यात काय तर जवळपास वाळवंट!

मग जमीन कुणाची होती ते विचारा, हे अजिबात सोडू नका. तेहुएल्चे लोक तिथे आधीपासून होते, गायमान हे नावसुद्धा त्यांच्याच भाषेतलं. त्यांच्याशी देवाणघेवाण झाली, शिकार कशी करायची ते त्यांच्याकडून शिकले म्हणून सुरुवातीची वर्षं निभावली.

आता पाणी. पहिली पिकं पावसाच्या भरवशावर राहून वाया गेली. १८६७ मध्ये रेचल जेंकिन्स या बाईच्या लक्षात आलं की नदीचं पाणी त्यांच्या शेतापेक्षा उंचावर आहे, नवऱ्याला म्हणाली चर खणून पाणी आत घेऊया, आणि त्या ओसाड काळ्या जमिनीत गहू आला! मला विचाराल तर गावाचा खरा जन्म इथे झाला, १८७४ हे स्थापनेचं साल नंतरचं. ज्यांच्याकडे पाटाच्या पाण्यासाठी पाळी लावतात त्यांना हे लगेच कळेल, म्हणून नकाशा उघडून कालवे कुठून कुठे जातात ते बोटाने फिरवून बघा, शेतं आणि घरं त्यांच्या कडेनेच सापडतील. पुढे याच खोऱ्यातल्या गव्हाला पॅरिस आणि शिकागोच्या प्रदर्शनांत बक्षिसं मिळाली.

मग धान्य बाहेर कसं गेलं ते शोधा, म्हणजे १८८५ ची सहकारी व्यापारी कंपनी आणि पाठोपाठ आलेली रेल्वे. गायमानचं जुनं स्टेशन आता म्युझियम आहे, तिथे वेळ काढून बसा.

शेवटी चॅपलवरचं बांधकामाचं साल वाचा. १८९९ च्या महापुराने खोरं उद्ध्वस्त केलं, काही कुटुंबं १९०२ मध्ये कॅनडाला निघून गेली आणि जी राहिली त्यांनी चॅपलं पुन्हा उभी केली, त्यामुळे साल १८९९ च्या नंतरचं दिसलं तर त्याच जागी आधी काय होतं ते नक्की विचारा.