ह्यूस्टनला राहायला जाताना घर कुठे घ्यावे

ह्यूस्टनमध्ये नोकरी मिळाली, की बहुतेक मराठी कुटुंबे तिथल्या ओळखीच्या माणसाला पहिला प्रश्न विचारतात तो असा, की आपली माणसे कुठे राहतात. उत्तर ठरलेले असते: शुगर लँड, केटी, पेअरलँड, नाहीतर सायप्रस. हे उत्तर चुकीचे नसते. मात्र ते तुमच्या कचेरीचा पत्ता न विचारता दिलेले असते आणि सांगणाऱ्याच्या गल्लीत २०१७ साली हार्वे वादळात पाणी किती चढले होते, हेही त्यात सहसा येत नाही. या शहरात घर निवडताना कचेरीचा रस्ता आणि पावसाचे पाणी या दोन गोष्टींचा निकाल आधी लावावा आणि खोल्या, स्वयंपाकघर, शाळा यांकडे त्यानंतर वळावे, असे माझे मत आहे.

शहराचा विस्तार प्रथम ध्यानात घ्यावा. एकट्या ह्यूस्टन शहराचे क्षेत्रफळ सुमारे १,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या दुपटीहून बरेच अधिक आहे, आणि केटी, शुगर लँड, पेअरलँड ही गावे त्याच्याही बाहेर आहेत. नकाशावर एकात एक बसलेली तीन कडी दिसतात: आतले ६१० लूप, मधले बेल्टवे ८ आणि बाहेरचे ग्रँड पार्कवे, म्हणजे ९९ क्रमांकाचा रस्ता. स्थानिक माणूस ‘लूपच्या आत’ किंवा ‘बेल्टवेच्या बाहेर’ अशा भाषेत पत्ता सांगतो आणि अंतर मैलांत न सांगता मिनिटांत सांगतो. कचेऱ्याही एका जागी नाहीत. तेल आणि वायू कंपन्यांचा मोठा पसारा पश्चिमेला आय-१० रस्त्यालगतच्या एनर्जी कॉरिडॉरमध्ये आहे, रुग्णालये आणि संशोधनसंस्था डाउनटाउनच्या दक्षिणेस टेक्सास मेडिकल सेंटरमध्ये एकवटल्या आहेत, नासाचे जॉन्सन अवकाश केंद्र आग्नेयेस क्लिअर लेकला आहे, आणि तेलशुद्धीकरण कारखाने पूर्वेकडे शिप चॅनलच्या काठाने पासाडिना, डिअर पार्क, बेटाउन असे पसरले आहेत.

त्यामुळे एनर्जी कॉरिडॉरमध्ये नोकरी असणाऱ्याने केटीकडे पाहणे योग्य आहे. परंतु क्लिअर लेकला नोकरी असणाऱ्याने केवळ मित्र केटीला आहे म्हणून तिथे घर घेतले, तर रोज संपूर्ण शहर आडवे ओलांडावे लागेल. त्याच्यासाठी क्लिअर लेक आणि लीग सिटी आहेत. मेडिकल सेंटरला जाणाऱ्यांना २८८ क्रमांकाच्या रस्त्याने पेअरलँड सोयीचे पडते, तर उत्तरेला स्प्रिंग भागात काम असेल तर स्प्रिंग, द वुडलँड्स किंवा टॉमबॉल ही नावे पाहावीत. डाउनटाउनला कचेरी असेल तर मेट्रो या स्थानिक परिवहन संस्थेची पार्क अँड राइड बससेवा उपयोगी पडते: उपनगरातल्या तळावर गाडी ठेवावी आणि राखीव मार्गिकेतून जाणाऱ्या बसने शहरात जावे. २००४ साली सुरू झालेली रेल्वेची रेड लाइन डाउनटाउन आणि मेडिकल सेंटर यांना जोडते. तिच्या वाटेवर घर मिळाले, तर दोघांत एका गाडीवर भागू शकते, जे या शहरात क्वचितच घडते.

नकाशाचे ॲप रविवारी दुपारी जो वेळ दाखवते, त्यावर विसंबू नये. आल्यावर दोन-तीन आठवडे तात्पुरत्या निवासात राहावे आणि पसंत पडलेल्या वस्तीपासून कचेरीपर्यंत एखाद्या मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी सव्वासातला स्वतः गाडी चालवत जाऊन पाहावे. काही ठिकाणी बाजूचे रस्ते धरून २६ मार्गिका असलेला केटी फ्रीवेसुद्धा त्या वेळी मुंगीच्या गतीने सरकताना दिसतो. शिवाय केटीहून शहराकडे जाणाऱ्याच्या सकाळी डोळ्यांवर सूर्य असतो आणि परतताना संध्याकाळीही तोच सूर्य समोर असतो. हा मुद्दा क्षुल्लक वाटेल. वर्षभर हा प्रवास केलेल्याला तो क्षुल्लक वाटत नाही. टोलरस्ते वापरणार असाल, तर महिन्याच्या टोलचा हिशेब भाड्यात मिळवूनच दोन वस्त्यांची तुलना करावी.

आता पाण्याकडे वळू. ह्यूस्टन सपाट आहे, जमीन चिकणमातीची आहे आणि पावसाचे पाणी बायू नावाच्या संथ ओढ्यांतून हळूहळू समुद्राकडे जाते. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे वादळ शहरावर रेंगाळले, तेव्हा चार-पाच दिवसांत काही भागांत ४० इंचांहून अधिक पाऊस पडला. मायरलँड हा ब्रेज बायूकाठचा जुना, देखणा भाग. तिथली कित्येक घरे २०१५, २०१६ आणि २०१७ अशी सलग तीन वर्षे पाण्यात गेली. पश्चिमेला ॲडिक्स आणि बार्कर ही १९४० च्या दशकात पूरनियंत्रणासाठी बांधलेली धरणे आहेत. एरवी त्यांचे जलाशय कोरडे असतात, उद्यानासारखे दिसतात, आणि म्हणून त्यांच्या कडेला वस्त्या उभ्या राहिल्या. हार्वेच्या वेळी धरणामागचे पाणी वर चढून त्या वस्त्यांत शिरले आणि धरणातून सोडलेल्या पाण्याने खाली बफेलो बायूकाठची घरे बुडाली. यांतली पुष्कळ घरे सरकारी पूरनकाशात धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेलीच नव्हती.

म्हणून ‘हे घर फ्लड झोनमध्ये नाही’ या दलालाच्या वाक्यावर थांबू नये. आपल्याकडे पाटबंधारे खाते निळी आणि लाल पूररेषा आखते, तसाच ‘फेमा’ या केंद्रीय संस्थेचा नकाशा असतो. त्यातला ‘एई’ पट्टा म्हणजे आपली लाल पूररेषा समजावी. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर याचा अर्थ दरवर्षी एक टक्का शक्यता असा आहे, आणि तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात ती शक्यता सुमारे २६ टक्के होते. फेमाच्या नकाशाबरोबर हॅरिस काउंटी फ्लड कंट्रोल डिस्ट्रिक्ट या स्थानिक पूरनियंत्रण संस्थेचा नकाशाही पाहावा, घर बार्कर किंवा ॲडिक्सच्या बुडीत क्षेत्रात येते का ते तपासावे आणि शेजारच्या दोन घरांचे दार वाजवून ‘हार्वेत पाणी कुठवर आले होते?’ असे सरळ विचारावे. या प्रश्नाला ह्यूस्टनकर मोकळेपणाने उत्तर देतात. बहुतेक जण हाताने भिंतीवर उंचीच दाखवतात. घर पाहताना गराजच्या आतल्या भिंतींकडे लक्ष द्यावे. जमिनीपासून चार फुटांपर्यंतचा भिंतीचा जिप्सम बोर्ड नवा आणि त्यावरचा रंग वेगळा असेल, तर तेवढा भाग पाण्यानंतर बदललेला असण्याचा संभव आहे. मोठा पाऊस पडून गेल्यावर तासाभराने त्या गल्लीतून एकदा चक्कर मारावी; पाणी कुठे तुंबते ते तुम्हाला आपोआप कळेल.

घरविक्री करणाऱ्याने पूर्वीच्या पुराची माहिती ठरावीक नमुन्यात लेखी द्यावी, असा टेक्सासचा कायदा आहे, आणि १ जानेवारी २०२२ पासून भाडेकरूलाही घर पूरपट्ट्यात आहे का आणि मागच्या पाच वर्षांत त्यात पाणी शिरले होते का, हे घरमालकाने लेखी सांगणे बंधनकारक आहे. तो कागद मागून घ्यावा. नेहमीच्या गृहविम्यात पुराची भरपाई नसते. पूरविमा वेगळा घ्यावा लागतो आणि राष्ट्रीय योजनेतला विमा सहसा घेतल्यापासून तीस दिवसांनी लागू होतो, त्यामुळे वादळ आखातात आल्यावर धावपळ करून उपयोग नसतो. त्या योजनेत घरासाठी कमाल २,५०,००० आणि सामानासाठी १,००,००० डॉलरचे संरक्षण मिळते. भाडेकरूलाही सामानापुरता तो घेता येतो. शक्य असल्यास अपार्टमेंट दुसऱ्या मजल्यावर घ्यावे. उन्हाळ्यात वरच्या मजल्याला वातानुकूलन थोडे जास्त लागते, पण तळमजल्यावरची काळजी त्याहून मोठी आहे.

ह्यूस्टनमध्ये शहरव्यापी झोनिंग, म्हणजे कोणत्या भागात काय बांधता येईल याचे बंधन, नाही, अशी अमेरिकेतल्या मोठ्या शहरांमध्ये त्याची ख्याती आहे. घराशेजारी गॅरेज, दारूचे दुकान किंवा सहा मजली इमारत येऊ शकते. संरक्षण मिळते ते त्या-त्या वसाहतीच्या दस्तऐवजांतल्या निर्बंधांतून. मोकळ्या भूखंडाला लागून असलेले घर पाहताना ‘इथे काय होणार आहे?’ हा प्रश्न आवर्जून विचारावा.

घर विकत घ्यायचे असल्यास कराचा हिशेब नीट समजून घ्यावा, कारण टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही या आनंदात लोक मालमत्ता कर विसरतात. शाळा, काउंटी, शहर असे अनेक कर एकत्र येतात आणि नव्या वसाहतींमध्ये पाणी व मलनिस्सारणाच्या कर्जाची फेड करणाऱ्या जिल्ह्याचा करही त्यात मिळतो. त्या जिल्ह्याचे लघुरूप ‘मड’ आहे, आणि दर पाहिला की ते नाव शोभून दिसते. एकूण दर दोन ते तीन टक्क्यांच्या दरम्यान सहज जातो. चार लाख डॉलरच्या घरावर २.६ टक्के दर असेल, तर सवलतीपूर्वी वर्षाला १०,४०० डॉलर होतात, म्हणजे महिन्याला हप्त्याखेरीज साडेआठशेहून अधिक. म्हणून सारख्या किमतीच्या दोन घरांची तुलना करताना प्रत्येकाचा करदर काउंटीच्या संकेतस्थळावर पाहावा; जुन्या वसाहतीत मडचे कर्ज फिटत आलेले असते, म्हणून तिथला दर बहुधा कमी असतो. स्वतः राहण्याच्या घरासाठी होमस्टेड सवलतीचा अर्ज करावा लागतो, ती आपोआप मिळत नाही. ती मिळाल्यावर करासाठीचे मूल्यांकन वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही. मूल्यांकन जास्त वाटल्यास साधारणपणे १५ मेपर्यंत हरकत नोंदवता येते. खरेदीच्या करारात ‘ऑप्शन पीरियड’ नावाची, करार मोडण्याची मुभा देणारी काही दिवसांची मुदत थोडे पैसे भरून घेता येते; त्या दिवसांत तपासनीसाकडून पाया जरूर पाहून घ्यावा, कारण चिकणमाती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते आणि पाया हलला की दारे अडकू लागतात.

तरीही पहिले वर्ष भाड्याने राहावे, असेच मी सांगेन. अमेरिकेत नव्याने येणाऱ्याचा क्रेडिट इतिहास नसतो. अशा वेळी नोकरीचे नियुक्तिपत्र आणि थोडी जास्त अनामत यांवर बहुतेक ठिकाणी काम होते. उत्पन्न भाड्याच्या तिप्पट असावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. अपार्टमेंट शोधून देणारे लोकेटर तुमच्याकडून पैसे घेत नाहीत, कारण त्यांना संकुलाकडून कमिशन मिळते. त्यामुळे कमिशन न देणारी संकुले त्यांच्या यादीत नसतात, हे ध्यानात ठेवावे. घर सोडल्यावर नवा पत्ता लेखी द्यावा, म्हणजे अनामत तीस दिवसांत परत करणे किंवा कपातीचा हिशेब देणे मालकाला भाग पडते.

विजेबाबत एक चूक मी स्वतः केली. ह्यूस्टनमध्ये तारा एका कंपनीच्या असतात आणि वीज विकणाऱ्या कंपन्या अनेक, त्यांतून ग्राहकाने निवड करायची. मी ‘युनिटला सात सेंट’ हा ठळक आकडा पाहून योजना घेतली. बारीक अक्षरांत लिहिले होते, की खरा दर सतरा सेंट असून महिन्याला पुरते १,००० युनिट वापरल्यास १०० डॉलर वजा होतील. ऑक्टोबरात उकाडा उतरला, आम्ही काटकसर केली, ९७० युनिट वापरले आणि बिल १६५ डॉलर आले. तीस युनिट अधिक जाळले असते, तर ते ७० डॉलर आले असते. राज्याच्या ‘पॉवर टू चूज’ या संकेतस्थळावर प्रत्येक योजनेचे माहितीपत्रक असते. त्यात ५००, १,००० आणि २,००० युनिटांचे दर शेजारी-शेजारी दिलेले असतात. ते तीन आकडे जवळजवळ सारखे असतील, तीच योजना नवख्याने घ्यावी. वीज जातेही: जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळानंतर वीस लाखांहून अधिक ग्राहक अंधारात होते, काहींकडे आठवड्याहून अधिक काळ. वसाहतीतल्या तारा जमिनीखालून आहेत का, हे विचारून ठेवावे.

मुले असतील तर शाळा पत्त्यावरून ठरते आणि टपालाचे गाव आणि शाळेचा जिल्हा (आयएसडी) यांचा मेळ असेलच असे नाही. पत्ता ह्यूस्टनचा आणि शाळा केटी आयएसडीची, किंवा पत्ता केटीचा आणि शाळा साय-फेअर आयएसडीची, असे सर्रास घडते. जिल्ह्याच्या संकेतस्थळावर घराचा पूर्ण पत्ता टाकून नेमकी शाळा पाहावी, आणि नव्या वसाहतींत हद्दी पुन्हा आखल्या जातात, हे गृहीत धरावे. बालवर्गासाठी १ सप्टेंबरला पाच वर्षे पूर्ण लागतात.

आपल्या माणसांची उणीव मात्र कुठेही राहिलात तरी फारशी भासत नाही. वाणसामान आणि मिठाईसाठी हिलक्रॉफ्ट रस्त्यावरचा महात्मा गांधी डिस्ट्रिक्ट आहे, पेअरलँडला मीनाक्षीचे देऊळ आहे, आणि गणेशोत्सवासाठी मंडळी तासभर गाडी चालवत येतातच. महिन्यातून दोनदा जायच्या ठिकाणासाठी रोजचा रस्ता लांबवू नये.

गाडीची नोंदणी तीस दिवसांत आणि टेक्सासचा वाहनपरवाना नव्वद दिवसांत घ्यावा लागतो. परवान्यासाठी राहत्या पत्त्याचा पुरावा लागत असल्याने भाडेकरार आणि विजेचे बिल हाताशी ठेवावे. पहिला भाडेकरार करताना तो जूनमध्ये संपेल असा बेत करावा, म्हणजे शाळेचे वर्ष संपल्यावर आणि वादळांचा भर सुरू होण्यापूर्वी सामान हलवता येईल. सोडण्याची पूर्वसूचना अनेक करारांत साठ दिवसांची असते, म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली तारीख सही करतानाच दिनदर्शिकेत मांडून ठेवावी.