पहिला पीसी असेंबल करताय? गोव्याच्या उकाड्यात प्रोसेसर आणि कूलरच्या या चुका टाळा

मे महिन्यात दुपारी फोंड्याहून भाच्याचा फोन आला. “मामा, गेम चालू केला की दहा मिनिटांत अडखळायला लागतो. पंखा तर नुसता किंचाळतो. दुकानवाला म्हणतो ग्राफिक्स कार्ड बदल. तू जरा येऊन बघशील?”

बारावीनंतर साठवलेल्या पैशांतून सुटे भाग आणून त्याने स्वतः जोडलेला हा पहिलाच पीसी. प्रोसेसर इंटेलचा आय५-१२४००एफ आणि त्याच्यावर डब्यात आलेलाच कूलर, म्हणजे धातूच्या पात्यांवर बसवलेला पंखा. मी एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर टाकलं आणि त्याला गेम चालू करायला सांगितलं. प्रोसेसरचा आकडा ७०, ८५, ९६ करत १०० अंशांवर जाऊन थांबला आणि त्याच क्षणी गेम अडखळला. आजचे प्रोसेसर तापले की लगेच बंद पडत नाहीत, आधी स्वतःचा वेग कमी करतात. माणसाला वाटतं ग्राफिक्स कार्ड कमी पडतंय, आणि वीस-पंचवीस हजार भलत्याच ठिकाणी जातात. म्हणून काहीही बदलण्याआधी तापमान बघा.

बाजूचं झाकण काढून कूलरला बोट लावलं तर एक कोपरा हलत होता. इंटेलच्या डब्यातला हा कूलर चार प्लॅस्टिकच्या पिनांवर बसतो. चारपैकी एक पिन मदरबोर्डमधून आरपार गेलीच नव्हती. नव्याने जोडणाऱ्यांची ही सगळ्यांत जास्त होणारी चूक, कारण पिन अर्धवट बसली तरी वरून सगळं ठीक दिसतं. मदरबोर्ड कॅबिनेटमध्ये घालण्याआधी टेबलावरच कूलर बसवा. पिना समोरासमोरच्या तिरक्या जोडीने दाबा, ‘टक’ असा आवाज ऐका, मग बोर्ड उलटा करून पाहा. पांढऱ्या पाकळ्या चारही भोकांतून बाहेर येऊन फाकलेल्या दिसल्या पाहिजेत. पिनेच्या डोक्यावर बाण असतो. त्या दिशेला फिरवली की पिन सुटते, तेव्हा दाबण्याआधी ती मूळ जागी आहे ना, तेही बघा.

प्रोसेसर आणि कूलरच्या मधली, उष्णता पोचवणारी जुनी पेस्ट पुसून नवी लावली, पिना नीट बसवल्या. आकडा ८६ वर आला. तरी माझं समाधान होईना, कारण कॅबिनेट टेबलाच्या खालच्या लाकडी कप्प्यात होतं, तेही दार लावून. ‘धूळ बसू नये म्हणून.’ ते बाहेर काढून टेबलाच्या बाजूला ठेवलं, आणि त्याच गेममध्ये आकडा ७८. खोलीत तेव्हा ३३ अंश होते.

ह्या ३३ अंशांकडे आपल्याकडे कोणी बघत नाही. कूलर थंडी तयार करत नाही. तो प्रोसेसरची उष्णता खोलीतल्या हवेत सोडतो, एवढंच. खोली १० अंशांनी गरम, तर प्रोसेसरही साधारण १० अंशांनी गरम. यूट्यूबवर ज्या कूलरचे आकडे बघून आपण भुलतो, ती चाचणी बहुतेक वेळा वीस-बावीस अंशांच्या खोलीत झालेली असते. तिथे ७५ दाखवणारा कूलर आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी ८५ च्या पुढे दाखवणार. त्यामुळे माझं मत पक्कं आहे: प्रोसेसर कामाकडे बघून घ्या, पण कूलर खोलीकडे बघून घ्या. एसी नसलेल्या खोलीत कूलर एक पायरी वरचा हवा.

डब्यावरचे वॅट पूर्ण गोष्ट सांगत नाहीत

आय५-१२४००एफच्या डब्यावर ६५ वॅट असतं, पण इंटेलनेच त्याची कमाल मर्यादा ११७ वॅट दिली आहे. एएमडीच्या रायझन ५ ७६००चे ६५ वॅट प्रत्यक्षात ८८ पर्यंत जातात, ७६००एक्सचे १०५ वॅट १४२ पर्यंत. आय७-१४७००के तर १२५ वॅटवरून थेट २५३ वर जातो. कूलरच्या डब्यावरचा आकडा ह्या वरच्या आकड्याशी ताडून बघा.

नावामागच्या अक्षरात सगळं असतं. इंटेलचा ‘के’ म्हणजे ओव्हरक्लॉकिंगसाठी, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्यासाठी, मोकळा. त्याच्यासोबत कूलर येत नाही आणि ‘के’ घेतलात तरी साध्या बी मालिकेच्या बोर्डवर प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग होत नाही. ‘एफ’ म्हणजे आतलं ग्राफिक्स नाही. एफ घेऊन मॉनिटरची वायर मदरबोर्डला लावली तर पडदा काळाच राहणार. ती ग्राफिक्स कार्डला लावा. आणि कार्ड ‘पुढच्या पगाराला’ घ्यायचा विचार असेल तर एफ घेऊच नका. जुन्या एएम४ सॉकेटच्या (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) रायझनमध्ये नावाला ‘जी’ असेल तरच आतलं ग्राफिक्स असतं, उदाहरणार्थ ५६००जी.

स्वस्तात ‘ट्रे’ प्रोसेसर, म्हणजे कंपनीच्या डब्याशिवायचा सुटा, मिळतो, तेव्हा दोन प्रश्न विचारा: कूलर आहे का, आणि वॉरंटी कोण देणार, कंपनी की दुकान? सेकंडहँड इंटेल घेताना १३व्या आणि १४व्या पिढीबद्दल सावध राहा. जास्त व्होल्टेजमुळे त्यांतले काही प्रोसेसर कायमचे अस्थिर झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये इंटेलने त्यावर मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तो घेऊन येणारा नवा बायॉस, म्हणजे मदरबोर्डमधलं पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर, पुढचं नुकसान टाळतो, झालेलं भरून काढत नाही. १२वी पिढी ह्यात नाही.

सॉकेट जुळलं, तरी पीसी चालू होईना

बी६५० बोर्ड २०२२ चा आणि रायझन ९००० मालिका २०२४ ची. सॉकेट दोघांचं एएम५च. पण दुकानात पडून राहिलेल्या बोर्डवर जुना बायॉस असेल तर तो नव्या प्रोसेसरला ओळखतच नाही. पंखे फिरतात, पडदा काळा. असा बोर्ड घेताना मागे ‘बायॉस फ्लॅशबॅक’चं बटण आहे का बघा, पेनड्राइव्हवरून प्रोसेसरशिवायच अपडेट होतो. बटण नसेल तर दुकानातच अपडेट करून मागा. हे फुकट करून देणारे दुकानदार म्हापशात, मडगावात आहेत, फक्त पैसे देण्याआधी विचारायचं.

एएम५ला फक्त डीडीआर५ रॅम लागते. घरात पडलेली डीडीआर४ तिथे बसणार नाही.

कूलर मोठा घेतला, झाकण लागेना

टॉवर कूलर, म्हणजे उभा, तांब्याच्या नळ्यांचा आणि १२० मिलीमीटर पंख्याचा, सहसा १५० ते १६० मिलीमीटर उंच असतो. कॅबिनेटच्या माहितीत कूलरची कमाल उंची दिलेली असते, ती वाचा. पंखा पहिल्या रॅमवर येतो का, तेही बघा. जुना कूलर नव्या इंटेलवर लावायचा असेल तर १२व्या ते १४व्या पिढीच्या एलजीए १७०० सॉकेटभोवतीच्या भोकांमधलं अंतर ७८ मिलीमीटर आहे, आधीच्या ११५एक्स आणि १२००चं ७५. तीन मिलीमीटर ओढूनताणून बसवू नका, नवं ब्रॅकेट मागवा.

नव्या कूलरच्या तळाच्या धातूवर पारदर्शक प्लॅस्टिक चिकटवलेलं असतं. ते न काढताच कूलर बसवणारे मी स्वतः पाहिलेत. लक्षण सोपं: बायॉसमध्येच एक-दोन मिनिटांत आकडा नव्वदीपार. याउलट आकडा हळूहळू चढत तासाभराने तिथे पोचत असेल तर कूलर नीट बसलाय, हवा खेळत नाही. मात्र रायझन ७०००चे ‘एक्स’ प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ पर्यंत जाणं ही त्यांची रचनाच आहे, त्याने घाबरू नका.

पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या पिनांनाच लावा. दुसरीकडे लावली की चालू करताच ‘सीपीयू फॅन एरर’ येतो.

एएम४ प्रोसेसर असलेल्यांसाठी एक कळकळीची गोष्ट. कूलर थंड असताना सरळ वर ओढू नका. सुकलेली पेस्ट गोंदासारखी धरते आणि प्रोसेसर सॉकेटमधून उपटून वर येतो. त्याच्या पिना वाकल्या की डोळ्यांत पाणी येतं. पीसी दहा मिनिटं चालवून गरम करा, बंद करून वायर काढा, मग कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवा.

लिक्विड कूलर, म्हणजे पंपाने द्रव फिरवून थंड करणारा, दिसायला सुंदर, पण पहिल्या पीसीला मी तो सुचवत नाही. टॉवर कूलरचा पंखा गेला तर पणजीत संध्याकाळपर्यंत दुसरा मिळतो. लिक्विडचा पंप गेला तर वॉरंटीची वाट बघत पीसी बंद ठेवावा लागतो.

आपल्याकडची तांबडी धूळ आणि पावसाळा

डिसेंबरपासून मेपर्यंत रस्त्याची तांबडी माती जाळीवर बसते आणि कूलरच्या पात्यांमध्ये गच्च होते. महिन्यातून एकदा पीसी बंद करून ब्रशने झाडा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, मोकळा भन्नाट फिरला तर बिघडतो. डिचोली-सांखळीकडे रस्त्यालगत घर असेल तर दर पंधरा दिवसांनी.

जून ते सप्टेंबर उलटा त्रास. दमट हवा, किनाऱ्याजवळ खारट वारा. पीसी महिनाभर झाकून ठेवू नका. रोज तासभर चालवला की स्वतःच्या उष्णतेने तो कोरडा राहतो. आणि कूलरच्या डब्यात उरलेले स्क्रू, क्लिपा, दुसऱ्या सॉकेटचं ब्रॅकेट फेकू नका. पुठ्ठ्याच्या खोक्याला पावसात बुरशी येते, म्हणून सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात ठेवा. भाच्याने तसा डबा भरून वर ‘कूलर, २०२२’ असं लिहून ठेवलंय.