जुन्या घरातली नळदुरुस्ती: काय स्वतः करावं, कुठे हात आखडावा

साताऱ्यात यादोगोपाळ, व्यंकटपुरा, चिमणपुरा अशा पेठांतल्या बऱ्याच घरांची रचना सारखीच असते. दगडी जोतं, त्यावर पांढऱ्या मातीची भिंत आणि तिच्यात कुणीतरी आजोबांच्या काळात पुरलेला अर्ध्या इंची लोखंडी पाइप. वरून नळ नवा दिसतो, आतला पाइप मात्र गंजून अर्धा झालेला असतो. अशा घरात नळ बदलायला पाना लावला की त्या नळापेक्षा मागच्या जोडाची काळजी जास्त घ्यावी लागते.

हे मी अनुभवानं सांगतो. एकदा गळका नळ काढताना एकाच पान्यानं जोर लावला. नळ जागचा हलला नाही, पण भिंतीतला निपल, म्हणजे दोन्हीकडे आटे असलेला पाइपाचा आखूड तुकडा, आट्यांपाशी मोडला. सकाळची पाण्याची वेळ होती आणि मीटरजवळची चावी कित्येक वर्षांत कुणी फिरवलेली नव्हती. ती बंद होईपर्यंत मातीची भिंत हातभर भिजली होती. तेव्हापासून कोणतीही दुरुस्ती मी चावीपासून सुरू करतो.

पहिलं काम: चावी शोधा आणि फिरवून बघा

मीटरनंतरची मुख्य चावी कुठे आहे ते घरातल्या सगळ्यांना माहीत हवं. पाण्याची वेळ नसताना ती हळूच बंद करून पुन्हा उघडा. अडली तर दांड्याच्या मुळाशी तेलाचे दोन थेंब सोडा, थोडी पुढे, थोडी मागे अशी मोकळी करा. जोर लावू नका. जुन्या गेट व्हॉल्व्हचा (चाकाच्या चावीचा) दांडा आतल्या आत तुटतो आणि चाक नुसतं फिरत राहतं. चावी निकामी असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तीच बदलून घ्या, जमल्यास पितळी बॉल व्हॉल्व्ह (पाव फेऱ्यात उघडझाप होणारी दांडीची चावी) बसवा. टाकीखालच्या चावीचीही अशीच तपासणी करा.

ओल पावसाची की पाइपाची?

साताऱ्याच्या पावसात भिंतीवर ओल आली की सगळे छपराकडे बघतात. त्याआधी मीटर बघा. पाणी चालू असताना घरातले सगळे नळ आणि टाकीत जाणारी चावी बंद करा. तरीही मीटरचा बारीक काटा फिरत असेल तर पाणी घरातच कुठेतरी मुरतंय. पांढरी माती आधी फुगते आणि मग खचते, त्यामुळे ही गळती पावसाळा संपेपर्यंत ठेवून चालत नाही.

पाणी कमी येत असेल तर बादली लावा. मीटरजवळच्या नळाखाली दहा लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते मोजा, मग शेवटच्या नळाखाली तीच बादली ठेवा. पहिल्या ठिकाणी लवकर आणि दुसऱ्या ठिकाणी दुप्पट-तिप्पट वेळ लागला, तर मधला पाइप गंजानं बुजलाय. दोन्हीकडे सारखाच वेळ लागत असेल तर दोष घराबाहेरचा, आणि त्याची तक्रार नगरपालिकेत करायची.

टिपकणारा नळ

सेकंदाला एक थेंब पडला तरी दिवसाला कित्येक लिटर पाणी जातं. बहुतेक वेळा दोष आतल्या छोट्या वायसरचा, म्हणजे रबरी चकतीचा असतो. चावी बंद करा, नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या, वरचा भाग पान्यानं खोला. दांड्याच्या टोकाचा वायसर चिरलेला किंवा कडक झालेला दिसेल. जुना वायसर सोबत घेऊन दुकानात जा, मापाचा घोळ होत नाही. नवा बसवण्याआधी आतल्या बैठकीवरून बोट फिरवा. तिथे खाच पडली असेल तर नवा वायसरही महिनाभरात कापला जाईल, म्हणून तो नळच बदला.

पूर्ण नळ काढताना पाने दोन हवेत. एकानं भिंतीतला जोड घट्ट धरून ठेवायचा, दुसऱ्यानं नळ फिरवायचा. जोड जाम असेल तर गंज सोडवणारं तेल लावून रात्रभर तसाच ठेवा. ज्योत लावून तापवू नका. माळवद (लाकडावर माती घातलेलं सपाट छप्पर), तुळया, खण सगळं लाकूड आजूबाजूला असतं.

नव्या नळाच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळताना आट्यांचं टोक स्वतःकडे धरा आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं ताणून आठ-दहा वेढे द्या. उलट गुंडाळलेला टेप बसवताना गोळा होऊन बाहेर येतो. आट्यांवर ताग गुंडाळून सफेदा (पांढरा रंग) लावायची जुनी रीत पिण्याच्या पाण्याच्या नळाला नको, कारण सफेद्यात शिसं असू शकतं.

लोखंडाऐवजी प्लास्टिक घालण्याआधी

एखादा तुकडा कापून तिथे सीपीव्हीसी (गरम पाण्यालाही चालणारा प्लास्टिकचा पाइप) बसवणं अवघड नाही. पण त्याआधी वायरमनला बोलावून एक गोष्ट तपासून घ्या. जुन्या घरांत विजेची अर्थिंग पाण्याच्या लोखंडी पाइपाला जोडलेली सापडते. मध्ये प्लास्टिकचा तुकडा आला की ती तुटते, आणि गीझरमध्ये वीज उतरली तर तिला जमिनीत जायला वाट राहत नाही. अर्थिंग स्वतंत्र झाल्याशिवाय पाइप कापू नका.

लोखंड आणि सीपीव्हीसी यांच्यामध्ये पितळी आट्यांचा जोड घ्या, प्लास्टिकचे आटे लोखंडावर आवळले की चिरतात. सोल्युशन सीपीव्हीसीचंच वापरा, पीव्हीसीचं चालत नाही. पाइप सरळ कापा, कड घासा, पुसून कोरडी करा, दोन्ही बाजूंना सोल्युशन लावून पाव फेरा देत आत ढकला आणि अर्धा मिनिट धरून ठेवा. काम सकाळचं पाणी गेल्यावर लगेच उरकलं तर दुसऱ्या दिवशीच्या पाण्यापर्यंत जोडाला वाळायला पुरेसा वेळ मिळतो. गीझरला हा पाइप थेट जोडू नका, मध्ये धातूचा तुकडा ठेवा.

टाकीबद्दल फार कळकळीनं सांगतो. पाचशे लिटरच्या टाकीत अर्धा टन पाणी असतं, आणि माळवदाच्या तुळया तेवढ्या भारासाठी घातलेल्या नसतात. टाकी माळवदावर ठेवू नका. तिला जमिनीतून उठवलेला स्वतंत्र सांगाडा हवा.

नियम कुठे आडवे येतात

घरातला नळ, पाइप किंवा वायसर होता त्याच जागी बदलायला बांधकाम परवाना लागत नाही. घर वारसा यादीत असेल तर मात्र आधी विचारून घ्या. मीटर आणि मीटरच्या अलीकडची, रस्त्याकडची वाहिनी यांना हात लावायचा नाही. नवीन जोडणी, जोडणीची जागा किंवा माप बदलणं, मीटर हलवणं यासाठी पालिकेत अर्ज आणि परवानाधारक प्लंबर लागतो. मुख्य वाहिनीला थेट मोटर लावून पाणी ओढू नये. ते बेकायदा तर आहेच, शिवाय रिकाम्या वाहिनीत गळक्या जोडांतून गटाराचं पाणी खेचलं जातं.

हीच भीती हौदात बुडवलेल्या रबरी नळीचीही आहे. पाणी गेलं की वाहिनी रिकामी होते आणि नळी उलटं पाणी ओढते. तुमच्या हौदातलं पाणी मग शेजाऱ्याच्या हंड्यात जाऊ शकतं. राष्ट्रीय इमारत संहिता 2016 मध्ये नळकामाचा स्वतंत्र भाग 9 आहे, आणि पिण्याच्या वाहिनीत असं उलटं पाणी शिरू नये याची काळजी त्यात घेतलेली आहे. घरापुरतं एवढं पाळा: हौदात किंवा टाकीत पाणी पडणारं तोंड ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जादा पाणी बाहेर जाणाऱ्या भोकाच्या वर ठेवा, आणि ओव्हरफ्लोचा पाइप आत येणाऱ्या पाइपापेक्षा एक माप मोठा घ्या.

मोरीचा वास येत असेल तर आधी ट्रॅपमध्ये (पाणी साठवून वास अडवणाऱ्या वाकड्या भागात) पाणी आहे का बघा. वापरात नसलेल्या न्हाणीतलं पाणी उन्हाळ्यात वाळतं, तिथे आठवड्याला तांब्याभर ओता. चार इंची सांडपाण्याचा पाइप पुन्हा टाकत असाल तर दर एक मीटर लांबीला अडीच सेंटीमीटर उतार धरा.

दुरुस्तीनंतरच्या सकाळी

पाणी यायच्या आधी नळ उघडा ठेवा म्हणजे अडकलेली हवा निघून जाईल. मुख्य चावी थोडीशीच उघडा. पहिलं तांबूस पाणी बाहेर जाऊ द्या, ते झाडांना घाला. नळ बंद करून प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा धरा. डोळ्यांना न दिसणारा पाझर कागदावर लगेच उमटतो. कागद कोरडा राहिला तरच चावी पूर्ण उघडा आणि भिंतीत केलेली खाच दोन दिवस तशीच ठेवून मग बुजवा.